टायरचं माप आणि हौसिंगचं आयुष्य

मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या एक्सलचा डिफरन्शियलसकटचा डबा, वाजायला लागलेली जीप दहिवडीच्या, म्हसवडच्या किंवा आटपाडीच्या गॅरेजात आली, की मिस्त्री आधी ऑईलचं विचारतो आणि मग वाकून मागचे दोन्ही टायर बघतो. एका बाजूला कंपनीचं माप आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी स्कॉर्पिओवरून उतरलेला जुना टायर दिसला, की निदान झालंच म्हणून समजा: टायरनं क्राऊन खाल्ला. याउलट ऑटोमोबाईल शिकलेला इंजिनिअर म्हणतो, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरता यावं म्हणूनच डिफरन्शियल असतं, मग टायरच्या मापातल्या थोड्याशा फरकानं ते मोडेलच कशाला? फोर बाय फोर चालवणारा आणि ट्रॅक्टरवाला यांचं आणखी तिसरंच म्हणणं असतं. पुढच्या आणि मागच्या टायरचं जमलं नाही तर खरा खर्च तिथं आहे, असं ते सांगतात.

तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, कारण तिघं वेगवेगळ्या यंत्रणांबद्दल बोलतात. असमान टायर म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं. फरक एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत आहे, पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये आहे, की जोडचाकांतल्या दोन टायरमध्ये आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ही गल्लत काढून टाकली तर वादाचा निम्मा भाग मिटतो. उरलेला निम्मा मात्र खरोखरच उघडा आहे.

प्रश्न इथं का उभा राहतो

माण, खटाव, आटपाडी, सांगोला हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. रस्ता मुरमाचा, शेतवाट दगडाची, आणि बांधाला बाभळ. टायर झिजून जाण्याआधी काट्यानं किंवा कडेला चीर पडून निकामी होण्याचं प्रमाण इथं मोठं. चारातला एकच टायर गेला तर एकच बदलला जातो, कारण एका वेळी जोडी घेण्याइतका पैसा हंगामावर ठरतो. नवा टायर एका बाजूला आणि पन्नास हजार किलोमीटर पळालेला दुसऱ्या बाजूला, ही जोडी अशी तयार होते. त्यात कधी रिमोल्ड, म्हणजे नवं रबर चढवलेला जुना टायर येतो, कधी जुन्या बाजारातला.

गाड्याही तशाच. महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे कमांडर, बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि २००० सालापासून बोलेरो, याच गाड्यांनी माणदेशातलं वडाप, म्हणजे खासगी प्रवासी वाहतूक, ओढलं. या सगळ्यांचा जोर मागच्या चाकांवर आणि मागे अखंड हौसिंग. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात कित्येक गावांना टँकरनंच पाणी पोचलं. त्या ट्रकांना मागे जोडचाकं. आणि आता आटपाडी-सांगोल्याच्या डाळिंबाच्या, सांगली भागातल्या द्राक्षांच्या बागेत चारही चाकांना जोर असलेले छोटे ट्रॅक्टर आले आहेत. म्हणजे असमान टायरचे तिन्ही प्रकार एकाच तालुक्यात, बहुधा एकाच गॅरेजच्या दारात भेटतात.

डिफरन्शियल करतं काय

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर असतील तर एकाला घसरावंच लागेल. यावरचा गिअरचा तोडगा ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञानं १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी पेटंट केला. इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्लीनं १८७७ मध्ये तोच तीनचाकी सायकलला बसवला. मोटारीनं तो आयता उचलला आणि मूळ रचना आजही तीच आहे.

शाफ्टच्या टोकाला पिनियन, पिनियन फिरवतो क्राऊनला, क्राऊन बोल्टनं जखडलेला असतो पिंजऱ्याला. पिंजऱ्यात क्रॉसवर बसलेले स्टार पिनियन आणि त्यांना दोन्ही बाजूंनी लागलेले दोन सन गिअर. सन गिअरमध्ये एक्सलची टोकं. गाडी सरळ जात असेल आणि टायर सारखे असतील, तर स्टार स्वतःभोवती फिरतच नाहीत. ते पिंजऱ्याबरोबर नुसते गोल जातात. वळण आलं की ते आपल्या पिनवर फिरतात आणि एका बाजूचा कमी झालेला वेग दुसऱ्या बाजूला देतात.

यातून दोन नियम निघतात आणि पुढची सगळी चर्चा त्यांवर उभी आहे. पहिला नियम, क्राऊनचा वेग नेहमी दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी असतो. दुसरा, साध्या म्हणजे खुल्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही एक्सलना मिळणारं पीळबळ जवळजवळ समान असतं. पहिल्या नियमाचा अर्थ असा, की डाव्या-उजव्या टायरमधला फरक क्राऊन-पिनियनच्या दातांना कळतच नाही. त्यांना फक्त सरासरी दिसते. फरक सोसतात ते स्टार, सन, क्रॉसची पिन आणि त्यांच्यामागचे थ्रस्ट वॉशर.

फरक किती, आणि किती म्हणजे किती

बोलेरोचं नेहमीचं माप २१५/७५ आर १५. कागदावर त्याचा व्यास ७०३.५ मिलिमीटर आणि घेर साधारण २.२१ मीटर. त्याच रिमवर चढणारा २३५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७३३.५ आणि घेर २.३० मीटर. दोन्हींवर 'आर १५' लिहिलेलं आहे, दोन्ही त्याच बोल्टवर बसतात, आणि घेरात सव्वाचार टक्क्यांचा फरक आहे. याच्या नेमकं उलट उदाहरण कारमध्ये मिळतं. २०५/६० आर १६ आणि २०५/६५ आर १५ यांचा रिम वेगळा, पण व्यासातला फरक पाऊण टक्का. रिमचा आकडा बघून माप जुळतं की नाही हे ठरवणं चुकीचं आहे. बघायचा तो बाहेरचा घेर.

वरच्या बोलेरोत एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा टायर असेल, तर सरळ रस्त्यावर दर किलोमीटरला लहान चाक अठरा-साडेअठरा फेरे जास्त फिरतं. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं, तर डिफरन्शियलच्या दृष्टीनं ही गाडी सरळ जातच नाही. ती सतत सुमारे ३३ मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे. ताशी ८० वेगाला दोन एक्सलच्या फेऱ्यांत मिनिटाला साधारण २५ चा फरक पडतो.

हे २५ जास्त की कमी? शिखर शिंगणापूरच्या घाटात सहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १५ नं गाडी घातली, तरी सारख्या टायरवर हा फरक २६ च्या आसपास येतो. म्हणजे वेगाचा विचार केला तर डिफरन्शियलला यात नवीन काहीच नाही. फरक आहे तो वेळेचा. घाटातलं वळण काही सेकंदांत संपतं. असमान टायरवरची गाडी म्हसवडहून पंढरपूरला जाईपर्यंत वळणावरच असते.

मापं तीच आणि फक्त झीज वेगळी असेल, तर आकडे बरेच खाली येतात. एका बाजूला ८ मिलिमीटर नक्षी आणि दुसऱ्या बाजूला २ मिलिमीटर, तर व्यासात १२ मिलिमीटरचा म्हणजे १.७ टक्क्यांचा फरक. ताशी ८० ला मिनिटाला दहा फेरे.

खुलं डिफरन्शियल: दोन बाजू

गॅरेजची बाजू अनुभवाची आहे. स्टार आणि क्रॉसची पिन यांच्यात बेअरिंग नसतं. धातूवर धातू फिरतो, मध्ये ऑईलचा पातळ थर आणि मागे वॉशर. ही जागा अधूनमधून फिरण्यासाठी केलेली आहे. तिथं तासन् तास, तेही ओझ्याखाली फिरणं झालं, की वॉशर पातळ होतात आणि पिनला घर पडतं. वडापची गाडी कंपनीनं सांगितलेल्यापेक्षा जास्त माणसं घेऊन चालते आणि हौसिंगचं नव्वद नंबर ऑईल वर्षानुवर्षं तेच असतं, हे लक्षात घेतलं तर हा धोका वाढतो. वॉशरची पूड ऑईलमध्ये उतरली की ती क्राऊनच्या दातांत आणि बेअरिंगमध्ये जाते. म्हणून मिस्त्री हौसिंग उघडतो तेव्हा त्याला क्राऊन खराब झालेला दिसतो. टायरनं क्राऊन खाल्ला, हे यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं सरळ खरं नाही. पण वाट लांबची असली तरी शेवट तिथंच होऊ शकतो.

इंजिनिअरांची बाजू प्रमाणाची आहे. मिनिटाला २५ फेऱ्यांचा फरक म्हणजे पिंजऱ्याच्या तुलनेत सन गिअर फक्त बारा-तेरा फेरे फिरतो. ऑईल भरलेलं आणि स्वच्छ असेल तर या वेगाला निर्माण होणारी उष्णता हौसिंग सहज बाहेर टाकतं. त्यांच्या मते डिफरन्शियलचा खरा शत्रू वेगळाच आहे: चिखलात किंवा नदीच्या वाळूत एकच चाक जागेवर फिरवत ठेवणं. वेगाचा काटा ४० दाखवत असताना एक चाक थांबलेलं असेल, तर दुसरं ताशी ८० च्या वेगानं फिरत असतं. त्या वेळी फरक मिनिटाला सहाशे फेऱ्यांचा असतो. सव्वाचार टक्क्यांच्या टायरनं जो त्रास होतो त्याच्या चोवीसपट. माणगंगेच्या पात्रात अडकलेली भरलेली पिकअप पाच मिनिटं अशी फिरवली, तर ऑईल बाहेर फेकलं जाऊन पिन कोरडी पडते आणि स्टार तिथंच धरतो. अशा गाडीचे टायरही असमान निघाले तर खापर टायरवर फुटतं, असं ते म्हणतात.

मला दुसरी बाजू जास्त पटते, निदान झिजलेल्या-नव्या जोडीपुरती. स्टेपनी लावून विट्यापर्यंत जाण्यानं हौसिंग जात नाही. पण दोन वेगळ्या मापांचे टायर वर्षभर एकाच एक्सलवर ठेवून ओझं वाहणं ही गोष्ट त्याच्याशी तोलता येणार नाही.

टायर कंपन्या तिसऱ्या जागेवर उभ्या आहेत. एका एक्सलवर एकाच मापाचे, एकाच बांधणीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे टायर असावेत, हा त्यांचा आग्रह जुना आहे, पण त्यामागचं मुख्य कारण डिफरन्शियल नाही. ब्रेक मारताना आणि ओल्या रस्त्यावर दोन बाजूंची पकड वेगळी पडते, हे त्यांचं कारण. शिवाय पीळबळ दोन्हीकडे समान असल्यामुळे लहान चाक रस्त्याला तेवढ्याच टक्क्यांनी जास्त ढकलतं आणि गाडी किंचित एका बाजूला ओढते. एबीएस असलेल्या गाड्यांत चाकांच्या वेगाची तुलना सतत चालू असते. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की दिवा लागतो. हवेचा दाब चाकाच्या वेगावरून ओळखणाऱ्या यंत्रणेलाही लहान टायर म्हणजे हवा गेलेला टायर वाटतो.

पुढच्या चाकांना जोर असलेल्या कारबद्दल एक गोष्ट इथंच सांगितलेली बरी. तिथं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात असतं आणि दोघांचं ऑईल एक. स्टार-वॉशरची पूड पडली तर ती गिअरबॉक्सभर फिरते. म्हणून पुढचा टायर गेला आणि स्टेपनी वेगळ्या मापाची असेल, तर मागचा चांगला टायर पुढे घ्यायचा आणि स्टेपनी मागे लावायची, हा सल्ला सर्वमान्य आहे. त्यावर कुणाचा वाद नाही. कारबरोबर येणारी अरुंद तात्पुरती स्टेपनी ताशी ८० च्या आत आणि थोड्याच अंतरापुरती वापरायची, यावरही नाही.

लॉक, लिमिटेड स्लिप आणि फोर बाय फोर

चिखलात एकच चाक फिरत राहण्यावर उपाय म्हणून लॉक आले, आणि त्यांच्याबरोबर असमान टायरचा प्रश्न जास्त टोकदार झाला. प्रकार अनेक आहेत. क्लचच्या चकत्यांचं लिमिटेड स्लिप, व्हर्नन ग्लीसमननं १९५८ मध्ये काढलेलं फक्त गिअरांचं टॉर्सन, हातानं लागणारं लॉक. चकत्यांच्या प्रकारात असमान टायर म्हणजे चकत्या सतत घासणार, ऑईल तापणार. याबद्दल मतभेद नाहीत.

महिंद्रा थार आणि बोलेरो निओच्या काही मॉडेलांत ईटन कंपनीचं आपोआप लागणारं यांत्रिक लॉक येतं. माप बदललेल्या टायरनं हे लॉक सरळ रस्त्यावर अचानक लागेल, ही भीती बऱ्याच जणांना वाटते. तिचं उत्तर आकड्यांतच आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडल्यावर ते लागतं, आणि ताशी तीस-बत्तीसच्या वर लागतच नाही. ताशी ३० ला बोलेरोच्या मापाचं चाक मिनिटाला सव्वादोनशेच्या आसपास फिरतं. म्हणजे शंभराचा फरक पडायला टायर तीस टक्क्यांच्या आसपास लहान असावा लागेल. असा टायर कुणी लावत नाही. तेव्हा त्या विशिष्ट भीतीला आधार नाही. फोर्स गुरखाचं लॉक चालक स्वतः लावतो. ते लावून डांबरी रस्त्यावर चालवलं तर टायर सारखे असूनही एक्सलवर पीळ बसतो, असमान असतील तर आणखी बसतो.

खरी अडचण पुढच्या आणि मागच्या एक्सलमधली. जिप्सी, थार, जुन्या फोर बाय फोर बोलेरो यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये थेट जोडला जातो. मध्ये डिफरन्शियल नसतं. दोन्ही शाफ्टना एकाच वेगानं फिरावं लागतं. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर, १.७ टक्क्यांचा फरक, तर दर किलोमीटरला १७ मीटरची घसरण कुठल्या तरी टायरला रस्त्यावर घासून भरून काढावी लागते. वाळूत, मुरमात ते सहज होतं. डांबरावर टायर घसरत नाही, म्हणून पीळ शाफ्टमध्ये, ट्रान्सफर केसच्या साखळीत किंवा गिअरमध्ये आणि दोन्ही क्राऊन-पिनियनमध्ये साठतो. फोर बाय फोरचा दांडा सुटता सुटत नाही, तो या पिळामुळे. आणि इथं क्राऊनला थेट मार बसतो. मिस्त्रीचं वाक्य या गाड्यांबाबत शब्दशः खरं ठरतं.

मारुतीची ऑल-ग्रिप ग्रँड विटारा, टोयोटाची तशीच हायरायडर, यांच्यात मागच्या चाकांकडे जोर कपलिंगमधून जातो. असमान टायर असतील तर कपलिंगला सरळ रस्त्यावरही फरक दिसत राहतो. या प्रकारच्या गाड्यांत सर्वांत कडक अट सुबारू कंपनीची म्हणून सांगितली जाते. चार टायरच्या घेरात पाव इंचाहून, म्हणजे ६.३५ मिलिमीटरहून जास्त फरक नको. बोलेरोच्या घेरावर धरलं तर हे पाव टक्क्याच्या जवळ येतं. इतर ठिकाणी नक्षीच्या खोलीत दीड-दोन मिलिमीटरपर्यंत सूट दिलेली दिसते. एकच प्रश्न आणि मर्यादा दुपटीनं वेगळ्या. कपलिंगची रचना वेगळी असते हे त्याचं एक कारण. वॉरंटीचा हिशेब हे दुसरं असावं, असा माझा तर्क आहे.

ट्रॅक्टर: ज्याची चर्चा कमी आणि खर्च जास्त

जीपच्या हौसिंगवर चहाच्या टपरीवर तासभर बोललं जातं. ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलबद्दल मात्र तो मोडल्यावरच बोलणं सुरू होतं. माणदेशातल्या शेतकऱ्याच्या खिशाशी या वादाचा सर्वांत जवळचा संबंध इथं आहे.

दोन चाकांना जोर असलेल्या साध्या ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचा पायडल असतो. पलटी नांगर चालवताना एक चाक तासात आणि दुसरं माळावर असतं. वरचं चाक फिरायला लागलं की टाच दाबायची, आणि कडेला वळण्याआधी सोडायची. इथं मागचे टायर असमान असतील तर लॉक लागल्यावर दोघांपैकी एक घसरणारच. शेतात ते चालून जातं. लॉक दाबूनच डांबरीला लागलेला ट्रॅक्टर मात्र एक्सल तोडून घेतो.

चार चाकांच्या ट्रॅक्टरचं गणित वेगळं. पुढची चाकं लहान, मागची मोठी, आणि दोघांना जोडणारं गिअरांचं प्रमाण कारखान्यात पक्कं केलेलं. हे प्रमाण मुद्दाम असं ठेवतात, की पुढची चाकं जमिनीच्या वेगापेक्षा किंचित जास्त फिरावीत, म्हणजे ती ट्रॅक्टरला पुढे ओढतील. या आघाडीला लीड म्हणतात. ती साधारण एक ते पाच टक्क्यांत असावी, हे जगभर मान्य आहे. म्हणजे चार चाकांच्या ट्रॅक्टरमध्ये टायरचं माप हे गिअरबॉक्सचाच एक भाग आहे. एक टायर बदलला की एक गिअर बदलल्यासारखं होतं.

आता घडतं काय? पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला १४.९-२८ चे मागचे टायर असतात. उसाची डबल ट्रॉली ओढायला पकड हवी म्हणून मालक १६.९-२८ चढवतो. रिम तोच ठेवून भागतं, म्हणून काम सोपं वाटतं. नव्या टायरचा घेर साधारण पाच टक्क्यांनी मोठा. तीन टक्के असलेली आघाडी संपून उलट दोन टक्क्यांची पिछाडी होते. पुढची चाकं ओढण्याऐवजी मागून ढकलली जातात. ती ब्रेकसारखी वागतात, स्टेअरिंग जड होतं, आणि पुढच्या एक्सलच्या गिअरांवर उलट्या बाजूनं दाब बसतो. शेतकऱ्याला एवढंच दिसतं, की टायर मोठे केले तरी ओढ वाढली नाही आणि डिझेल जास्त लागतं.

याच्या उलटही होतं. मागचे टायर झिजून गेले आणि पुढे नवे घातले, तर आघाडी सहा-सात टक्क्यांवर जाते. मग पुढचे टायर महिन्यांत साफ होतात आणि कठीण जमिनीवर ट्रॅक्टर उड्या मारायला लागतो. बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला हा धोका जास्त, कारण व्यास लहान असल्यामुळे नक्षीचे तेवढेच मिलिमीटर टक्केवारीत मोठे ठरतात.

आघाडी मोजायची रीत शेतकऱ्याला स्वतः करता येण्यासारखी आहे. सपाट, कठीण रस्ता बघायचा. पुढच्या आणि मागच्या टायरच्या कडेवर खडूची उभी रेघ मारायची. हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे. आधी फोर व्हील सोडून, सावकाश, मागचं चाक दहा फेरे पूर्ण होईपर्यंत न्यायचं आणि बरोबर चालणाऱ्या माणसानं पुढच्या चाकाचे फेरे मोजायचे, अर्धा-पाव फेराही धरायचा. मग फोर व्हील लावून तेच पुन्हा. समजा पहिल्यांदा सोळा आणि दुसऱ्यांदा साडेसोळा आले. अर्धा फेरा भागिले सोळा, म्हणजे तीन टक्के, ठीक आहे. दोन्ही आकडे सारखे आले तर आघाडी नाही. दुसरा आकडा लहान आला तर टायरची जोडी चुकली आहे.

मतभेद आहे तो आदर्श आकड्यावर. नांगरटीसाठी तीन-चार टक्के चांगले म्हणणारे आहेत, रस्त्यावर ट्रॉली ओढणाऱ्याला एक-दीडच बरा म्हणणारेही आहेत. आपल्याकडे तोच ट्रॅक्टर जूनमध्ये पेरणी करतो आणि दिवाळीनंतर ऊस ओढतो. त्यामुळे दोन्ही मतं एकाच यंत्रावर आदळतात. डांबरीवर फोर व्हील सोडून चालवणं हा त्यातला मधला मार्ग. पण उतारावर चारही चाकांचा ब्रेक मिळावा म्हणून ती लावून ठेवणारे चालक आहेत आणि भरलेल्या ट्रॉलीसमोर त्यांचं कारण हलकं मानता येत नाही.

टँकर आणि जोडचाकं

जोडचाकांत दोन्ही टायर एकाच हबला घट्ट असतात, मध्ये डिफरन्शियल नाही. मोठा टायर ओझं घेतो आणि तापतो, लहान रस्त्यावर घासत जातो. ९.००-२० आणि त्याहून मोठ्या मापात जोडीतल्या व्यासाचा फरक सुमारे बारा मिलिमीटरच्या आत, आणि ८.२५-२० पर्यंतच्या मापात सहाच्या आत ठेवावा, असा जुना दंडक आहे. दोन्ही बाजूंच्या जोड्यांची सरासरी सारखी असेल तर डिफरन्शियलला त्रास नाही. सगळे मोठे डावीकडे आणि सगळे झिजलेले उजवीकडे गेले तर आहे. एसटीसारख्या मोठ्या ताफ्याला स्वतःची रिमोल्डिंगची सोय असल्यामुळे जोड्या लावणं जमतं. एकच टँकर असलेल्या मालकाला मिळेल तो टायर घ्यावा लागतो.

नियम काय म्हणतात

केंद्रीय मोटार वाहन नियमांत चारचाकीच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या तपशिलाबाहेरचा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ काटेकोर लावला. व्यावसायिक वाहनाच्या नोंदणीत प्रत्येक एक्सलच्या टायरचं माप लिहिलेलं असतं. म्हणजे पिकअप आणि टँकरला माप बदलणं हा कागदाचाही प्रश्न आहे. पण हे सगळे नियम सुरक्षेच्या आणि ओझ्याच्या नजरेनं केलेले आहेत. डाव्या-उजव्या किंवा पुढच्या-मागच्या घेरात किती टक्के फरक चालेल, हे ते सांगत नाहीत. ते काम गाडीच्या पुस्तिकेवर सोडलेलं आहे, आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या ट्रॅक्टरबरोबर पुस्तिका क्वचितच येते.

न सुटलेलं

पहिला प्रश्न मोजण्याचाच. टायरवर छापलेलं माप म्हणजे प्रत्यक्ष घेर नव्हे. दोन कंपन्यांचे एकाच मापाचे टायर घेरात टक्काभर वेगळे निघतात आणि रिमोल्डमध्ये रबराची जाडी ज्याची त्याची. हवेच्या दाबाबद्दलही गोंधळ आहे. रेडियल टायरमधला पोलादी पट्टा ताणला जात नाही, म्हणून हवा कमी झाली तर टायर बसलेला दिसला तरी एका फेऱ्यात कापलं जाणारं अंतर फारसं बदलत नाही. नायलॉनच्या साध्या टायरमध्ये ते जास्त बदलतं, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला अजून तेच टायर आहेत. तेव्हा जमिनीपासून हबची उंची मोजून टायर जुळवण्याची गॅरेजमधली रीत रेडियलला फसवी ठरते. खडूची रेघ मारून, ओझ्यासकट गाडी दहा फेरे पुढे नेऊन टेपनं अंतर मोजणं हाच खात्रीचा मार्ग, आणि तो जवळपास कुणी वापरत नाही.

दुसरा प्रश्न काळाचा. सव्वाचार टक्क्यांच्या फरकावर, भरलेल्या गाडीत, जुन्या ऑईलवर स्टारचे वॉशर किती किलोमीटर टिकतात? इंजिनिअरांचा हिशेब स्वच्छ ऑईल आणि ठरलेलं ओझं धरून केलेला आहे. मिस्त्रीचा अनुभव ज्या गाड्या मोडल्या त्यांचाच आहे. असमान टायरवर वर्षानुवर्षं न मोडता चाललेल्या गाड्या त्याच्याकडे येतच नाहीत. दोन्ही पुरावे अपुरे आहेत, आणि वेगवेगळ्या बाजूंनी अपुरे आहेत.

तिसरा प्रश्न आत्ताच सुरू झाला आहे. २०२५ मध्ये आलेल्या टाटाच्या हॅरिअर ईव्हीच्या चारही चाकांना जोर असलेल्या मॉडेलात पुढे एक आणि मागे एक मोटर आहे आणि दोघांना जोडणारा शाफ्ट नाही. ट्रान्सफर केसमधला पीळ तिथं संभवत नाही. पण प्रत्येक एक्सलवर डिफरन्शियल आहेच, आणि पुढच्या-मागच्या मोटरचा मेळ चाकांच्या वेगावरून सॉफ्टवेअर घालतं. त्या गाडीला पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर घातले तर सॉफ्टवेअर त्याला झीज समजेल की घसरण, याचं उत्तर अशा गाड्यांचे टायर एकेक करून बदलले जायला लागले की मिळेल. विजेवरच्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या एक्सलला वेगळी मोटर दिली तर आघाडी गिअरनं न ठरता हवी तशी कमी-जास्त करता येईल. एक्सल एकाच मोटरवर ठेवला तर खडूची रेघ तिथंही लागेल.

तोवर करण्यासारखं एक काम गॅरेजांच्या हातात आहे. हौसिंग उघडलं, की चारही टायरची मापं, नक्षीची खोली, ऑईल शेवटचं कधी बदललं आणि वाळूत-चिखलात गाडी अडकली होती का, एवढं वहीत लिहून ठेवायचं. दहिवडीपासून आटपाडीपर्यंतच्या दहा-बारा गॅरेजांनी दोन वर्षं अशा वह्या ठेवल्या, तर स्टार जाण्यात टायरचा वाटा किती आणि ऑईलचा किती, हे पहिल्यांदाच आकड्यांत बघता येईल.